सुकाणू पलंगाखाली

गेल्या दोन वर्षांत मला वीसेक जणांनी तरी विचारलं असेल की तुमचे ते गाडीवाले काका कसं काय जमवतात बुवा, आम्हालाही रिटायर झाल्यावर असंच करायचंय, गाडीतच घर, पाण्याकाठी मुक्काम, पोरांना काहीतरी शिकवायचं, आणि मी दरवेळी अर्धवट सांगून सुटतो. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय. काका-काकूंना विचारलंय. नावं नको म्हणाले, तलावाचं आणि गावाचंही नको म्हणाले, का ते पुढे कळेलच. मी राहतो इंदुरात लोकमान्य नगरला, त्यांच्या पलीकडच्या गल्लीत, धंदा इन्शुरन्स आणि टॅक्सच्या कागदांचा, त्यामुळे या प्रकरणातले जे कागद हलले ते माझ्या हातातून गेलेत आणि जे हलायला हवे होते पण हलले नाहीत त्यातही थोडा वाटा माझाच आहे.

काका इंदुरातल्याच रामबागेतले. समुद्र पहिल्यांदा बघितला तो १९७७ ला नेव्हीत भरती झाल्यावरच. तिथं त्यांना शिडाच्या बोटीचा नाद लागला. १९८२ च्या एशियाडचं सेलिंग मुंबईला झालं, तेव्हा काकांची ड्यूटी एका रेस्क्यू बोटीवर होती, फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीनं फायरबॉल बोटीत गोल्ड घेतलं ते काकांनी पाण्यावरून बघितलंय, आणि ही गोष्ट महिन्यातून एकदा तरी ऐकावी लागते, आलेला माणूस नवा असेल तर दोनदा. नेव्हीनंतर इंदूरजवळ पिथमपूरला एका कारखान्यात सेफ्टी डिपार्टमेंट, २०१८ ला साठ पूर्ण करून घरी. काकू शाळेत शिकवायच्या, त्या पुढच्या वर्षी रिटायर झाल्या. मुलगी पुण्यात, नोकरी, संसार, तिचं व्यवस्थित आहे.

गाडीची आयडिया काकूंची होती हे लोकांना माहीतच नसतं, सगळे काकांनाच शाबासकी देतात. काकूंनी पस्तीस वर्षं मे महिन्यात पेपर तपासले आणि लग्नकार्यं केली, त्यांच्याकडे एक वही होती, त्यात जायच्या जागा लिहिलेल्या, किन्नौर, कच्छ, कोकण, रामेश्वर, पन्नासच्या वर नावं. हॉटेलात त्यांना झोप येत नाही आणि दुसऱ्याच्या हातचं रोज खायचं नाही, मग उपाय एकच, आपलं अंथरूण आणि आपला गॅस बरोबर न्यायचा.

२०१९ ला जुनी ट्रॅव्हलर घेतली, फोर्सची मिनीबस, ३३५० व्हीलबेसवाली, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ३३५० मिलिमीटर अंतर. ट्रॅव्हलर आपल्या पिथमपूरलाच बनते त्यामुळे पार्ट आणि मिस्त्री दोन्ही इथं सहज मिळतात, मोटरहोम करायला लोक परदेशी स्वप्नं बघतात पण रस्त्यात कुठंही उभी राहिली तर जी गाडी कोणताही मेकॅनिक उघडू शकतो तीच बरी, हे काकांचं म्हणणं मला पटलं. सीटा काढल्या, मागे आडवा पलंग, त्याखाली कप्पे, ओटा, पाच किलोचा छोटा सिलेंडर, १२० लिटरची पाण्याची टाकी, छतावर ३३० वॅटचे दोन सोलर पॅनल, खाली लिथियमची बॅटरी, १२ व्होल्ट २०० अँपिअर-अवर, म्हणजे सरळ हिशोबात अडीच युनिट वीज. अडीच युनिटात छोटा फ्रिज, दोन पंखे, दिवे, मोबाईल आरामात चालतात. एक टनाचा एसी लावला की दोन-अडीच तासांत खेळ खल्लास. हे आकडे लक्षात ठेवा, नंतर यावरूनच भांडण झालंय.

आता कागदांचं, कारण सगळे इथंच फसतात आणि काकाही फसले. बॉडीवाला म्हणाला आरसीत काही बदलायची गरज नाही, कोण बघतंय. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही ज्यामुळे आरसीतली माहिती आणि खरी गाडी यांचा मेळ बसणार नाही. आरसीवर प्रवासी गाडी, आत मात्र स्वयंपाकघर. २०२१ ला चोरलजवळ मागून एक डंपर घासून गेला, मागचं दार गेलं, क्लेम टाकला आणि कंपनीच्या सर्व्हेयरनं आत डोकावून फोटो काढले ते थेट नकारच आला. पॉलिसी मीच काढून दिली होती. मी गाडी आतून बघितलेली, ओट्यावर बसून चहा प्यायलो होतो, तरी पॉलिसीवर जुनं वर्णन तसंच ठेवलं. त्यानंतर दाराचा खर्च काकांनी केला आणि धावपळ मी केली. अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ म्हणून वेगळं स्टँडर्ड आहे, परिवहनच्या वाहन पोर्टलवर मोटर कॅराव्हॅन असा वर्गही आहे, त्या वर्गात आरसी करून घेतली तेव्हा कुठं पॉलिसी खरी झाली. लायसन्सचा प्रश्न नव्हता, ७,५०० किलोच्या आतली गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते, फक्त या वयात ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं आणि दरवेळी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. टॉयलेटचं विचारू नका, कॅसेटचं आहे, म्हणजे खालची टाकी काढून रिकामी करायची, कुठं रिकामं करतात ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तर मुद्दा तलावाचा. लॉकडाऊन उठल्यावर पहिल्या फेऱ्या जवळच्याच झाल्या, भेरूघाट उतरायचा, बडवाह, मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल, पुढे इंदूरच्या दक्षिणेचं निमाड. अशाच एका मुक्कामात, एका धरणाच्या पाण्याकाठी, काकांनी बघितलं की कोळ्यांची पोरं घरातली जुनी चादर बांबूला बांधून डोंगी वाऱ्यावर पळवतायत. संपला विषय. काकू म्हणतात, मी त्या दिवशी भजी तळत होते, मागे वळून बघितलं तर हे गुडघाभर पाण्यात, पँट न दुमडता.

त्याच वर्षी काकांनी दोन जुन्या ऑप्टिमिस्ट आणल्या, मग तिसरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑप्टिमिस्ट म्हणजे लहान मुलांची शिकायची बोट, दिसायला पेटीसारखी, पुढचं तोंड चपटं, लांबी साधारण २.३ मीटर, वजन ३५ किलो, एक पोरगं एक शीड. १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्स नावाच्या माणसानं प्लायवूडच्या तक्त्यांतून, म्हणजे घरी ठोकून बनवता येईल अशी, काढली, आणि आज जगभर पंधरा वर्षांपर्यंतची पोरं यातच शिकतात. हिचं शीड चौकोनी, आणि ते ताणून धरायला एक तिरकी काठी असते तिला स्प्रिट म्हणतात. ही काठी काढली की शिडाचा वरचा कोपरा लोंबतो आणि बोटीची ताकद निम्म्यावर येते. निमाडच्या पोरांनी सगळ्याला आपली नावं ठेवली, स्प्रिट म्हणजे डंडा, डॅगरबोर्ड, म्हणजे बोटीच्या मधून खाली पाण्यात सोडायची फळी, तो पटिया, पाणी उपसायचा कापलेला तेलाचा कॅन म्हणजे डिब्बा. काका नेव्हीतले असून त्यांनी ती नावं घेतली, पोरांवर इंग्रजी लादलं नाही, हे मला फार आवडलं.

काकांची शिकवायची पद्धत सांगणं गरजेचं आहे कारण सगळं प्रकरण तिथंच आहे. किनाऱ्यावरून ओरडायचं नाही. सेलिंगच्या रेसमध्ये नियम ४१ आहे, बाहेरच्याची मदत घ्यायची नाही, कोच कितीही मोठा असो रेस चालू असताना तो गप्प, पोरगं एकटं. तर काका पहिल्या दिवसापासून गप्प. आधी किनाऱ्यावर वाळूत काडीनं वारा काढायचा, कुठून येतोय, कुठं वळायचं, मग पाण्यात सोडायचं आणि तोंड बंद. पोरगं उलटलं तर उलटू दे, पटियावर उभं राहून बोट सरळ करेल, डिब्बा घेऊन उपसेल, काका होडीत शेजारी असतील पण हात लावणार नाहीत. परत आल्यावर एकच प्रश्न, तू क्या सोच रहा था? रागावून नाही, खरंच विचारायचे. दोन वर्षांत ती पोरं इतकी स्वतंत्र झाली की बघून अभिमान वाटायचा. मला तर वाटायचाच, मी दोनदा पोहे-जलेबी घेऊन गेलो होतो तिथं, म्हणजे माझाही हातभार.

२६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये नेहा ठाकूरनं मुलींच्या आयएलसीए-४ या एकटीनं चालवायच्या शिडाच्या बोटीत सिल्व्हर घेतलं. देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या बड्या तलावावर शिकलेली. देवास म्हणजे इंदुरापासून आपल्या हाकेवर. पोरांनी मोबाईलवर तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल देव जाणे. त्याआधी २०१८ ला जकार्तामध्ये होशंगाबादच्या हर्षिता तोमरनं लेझर ४.७ मध्ये, म्हणजे त्याच बोटीच्या जुन्या नावाच्या प्रकारात, ब्राँझ घेतलं होतं, पण ते गावात कुणाला माहीत नव्हतं. नेहाच्या मेडलनं मात्र आईबापांची मतं बदलली. आधी पाच पोरं यायची, दिवाळीनंतर चौदा झाली, तीनच बोटी आणि चौदा पोरं, त्यात चार मुली. सगळ्यात मोठी मुलगी सोळाची, ऑप्टिमिस्टच्या वयातून बाहेर गेलेली, ती काकांचा उजवा हात. शीडं, सुकाणू, पटिये एका पत्र्याच्या शेडमध्ये असायचे आणि किल्ली तिच्याकडे.

इकडे काकूंच्या वहीचं काय झालं? २०१९ पासून पन्नासातल्या सहा जागा झाल्या. सहा. काकू काही बोलायच्या नाहीत, फक्त वही ओट्यावर उघडी ठेवायच्या. अडचण अशी आहे की निमाडात आणि माळव्यात वारा उन्हाळ्यातच येतो. हिवाळ्यात पाणी आरशासारखं, शीड नुसतं लोंबतं, आणि एप्रिलपासून पश्चिमेचा वारा दुपारी जोर धरतो, जूनपर्यंत मस्त. देवासजवळ जामगोदराणीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच नाही लावल्या. वर शाळेला सुट्टी मेमध्ये. म्हणजे काकांचा सगळा सीझन मे आणि अर्धा जून. आणि डोंगरात जायचा मोठा सीझनही मे-जूनच! निमाडात तेव्हा पारा ४३, गाडीचं छत तापून आत भट्टी, एसी अडीच तास. २०२३ चा मे काकूंनी तिथं काढला आणि जूनमध्ये इंदुरात येऊन मला सांगितलं, मी चाकावरच्या घरात राहायला हो म्हटलं होतं रे, तलावाला बांधून घ्यायला नाही.

म्हणून २०२४ चा मे काकूंना दिला. काकांनी शब्द दिला, किन्नौर, पंधरा दिवस. पोरांना सांगितलं मी येईपर्यंत पाण्यात जायचं नाही, मोठीला सांगितलं शेड अधूनमधून उघडून शीडांना हवा लाव, उंदीर लागतात. एका बोटीची हवेची पिशवी झिरपत होती. ऑप्टिमिस्टमध्ये अशा तीन पिशव्या असतात, दोन बाजूंना, एक मागे, बोट पाण्यानं भरली तरी त्यांच्यामुळे तरंगून राहते. तीनातल्या एकीचा व्हॉल्व्ह गेलेला. आल्यावर बघू, काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी नंतर मला किमान दहा वेळा सांगितलं असेल, अरे मी सेफ्टीत नोकरी केली आणि आल्यावर बघू म्हणालो.

ते किन्नौरात कल्प्याला होते तेव्हा फोन आला. संध्याकाळी सात.

झालं असं. दुपारी चारनंतर पाच पोरं तिन्ही बोटी घेऊन गेली. मोठीनं शेड हवा लावायलाच उघडली होती, वारा छान होता, धाकटे मागे लागले, एक चक्कर दीदी, एकच, आणि ती स्वतः त्यांच्याबरोबर गेली, म्हणजे पळून गेले असं नाही, शहाणपणानं गेले, जॅकेट घालून. पाचांपैकी चारांनी. पाचव्याला, अकरा वर्षांच्या पोराला, मापाचं जॅकेट नव्हतं कारण पोरं चौदा आणि जॅकेटं जुन्या हिशोबानं. एका बोटीत मोठी एकटी, बाकी दोन्हीत दोन-दोन. मध्यावर गेले आणि हवा एकदम बंद पडली. मेच्या शेवटी पाण्यावर हवा अशी अचानक मेली आणि वायव्येला आभाळ शाईसारखं झालं की पाच-दहा मिनिटांत आंधी येते, थंड झोत आधी लागतो, मग पाऊस नाहीतर नुसती धूळ. मोठीनं ते ओळखलं. ती ओरडली, डंडा निकालो, डंडा निकालो. स्वतःचा काढला, दुसऱ्या बोटीतल्या पोरांनी काढला, त्या दोन्ही बोटी अर्ध्या शिडावर वाऱ्याबरोबर वाहत पलीकडच्या काठाला चिखलात लागल्या. तिसऱ्या बोटीतल्यांचा डंडा दोरीत अडकला. ती बोट उलटली, बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, एकाच्या भुवईवर बसला, आणि ही नेमकी झिरपत्या पिशवीवाली. सरळ केली तरी एका अंगाला बुडालेली राहिली, डिब्ब्यानं उपसायचं तर लाट परत आत. तेव्हा त्या दोघांनी उपसणं सोडून दिलं, बोट उलटीच राहू दिली आणि पटिया धरून लटकले. जॅकेटवाल्यानं बिनजॅकेटवाल्याची कॉलर धरून ठेवली. काठ डोळ्यासमोर होता, दोघांना पोहता येत होतं, निमाडच्या काठची पोरं ती, पण काकांनी एकच गोष्ट रोज सांगितलेली, नाव नहीं छोडना, कुछ भी हो. नाही सोडली. चाळीस मिनिटांनी दोन कोळी होडी घेऊन पोचले. भुवईला चार टाके. बाकी कुणाला काही नाही.

काका-काकू तिसऱ्या दिवशी रात्री तलावावर पोचले. काकू सांगतात, हे रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत, शिवपुरीच्या पुढे एका ढाब्यावर चहा ठेवला तर कपाकडे बघत बसले, थंड झाला.

दुसऱ्या दिवशी मीही गेलो. गावात कुणी आरडाओरडा केला नाही, ते जास्त जड गेलं. बिनजॅकेटवाल्याच्या आजोबांनी काकांना बसायला खाट दिली, पाणी दिलं आणि विचारलं, बाबूजी, आप नहीं थे तो किसके भरोसे थे ये? नंतर सरपंचांनी तेच कागदाच्या भाषेत विचारलं, जिम्मेदारी किसकी. आणि खरं सांगायचं तर कागदावर काहीच नव्हतं. ज्यांचं पाणी त्यांची परवानगी तोंडी, आईबापांची संमती तोंडी, पोरांचा विमा नाही, हजेरी नाही. प्रेमानं चाललेल्या कामाचं हेच होतं, सगळं तोंडी.

परतीच्या रात्री गाडीत बसून आम्ही तिघांनी हिशोब मांडला. माझं मत स्पष्ट होतं, बंद करा. बोटी भोपाळला कुणाला तरी द्या, ज्या पोराला खरंच पुढे जायचंय त्याला तिथल्या ट्रायलला पाठवा, तुम्ही गाडी घेऊन फिरा, सहासष्ट वय आहे. काकांचं मत दुसऱ्या टोकाला, गाडी विकून इथंच एक खोली बांधायची आणि बाराही महिने राहायचं. म्हणजे काकूंची वही चुलीत. मला वाटलं काकू माझ्या बाजूनं बोलतील.

काकू म्हणाल्या, बंद केलं तर पोरं पाण्यात जाणार नाहीत असं वाटतं का तुला? त्यांना शीड दाखवलंय यांनी. ती चादर बांधून जातील, तेव्हा जॅकेट नसेल आणि डंडा काढायला सांगणारीही नसेल. आणि अहो, तुम्ही इथं खोली बांधाल, मग किनाऱ्यावर बसून बसून ओरडायला लागाल, मला माहितीय ना तुम्ही.

यावर मी बराच विचार केलाय नंतर. पोरं गेली का? कारण काकांनी त्यांना स्वतःचं ठरवायला शिकवलं होतं. वाचली का? त्याच कारणानं. किनाऱ्याकडून आवाज येण्याची वाट बघणारं पोरगं पाण्यात गेलंच नसतं, आणि गेलं असतं तर आंधीत मान वळवून काठाकडे बघत बसलं असतं. चुकलं ते दुसरीकडे. नियम ४१ रेसपुरता आहे, आणि त्या रेसमध्ये आजूबाजूला रेस्क्यू बोटी असतात, त्यातल्याच एकीवर १९८२ ला काका स्वतः उभे होते. कोचनं गप्प बसायचं ते रेस्क्यू बोट हजर आहे म्हणून. तलावावर गप्प राहणारा कोच आणि रेस्क्यू बोट दोन्ही एकच माणूस होता, आणि तो माणूस कल्प्याला गेला की दोन्ही गेले. हे मी काकांना बोललो तेव्हा ते म्हणाले, शेजारच्या होडीत नुसतं बसून राहायचो मी, मलाच वाटायचं मी काही करत नाहीये.

मग जे ठरलं ते एका रात्रीत नाही ठरलं, पाऊस संपेपर्यंत चाललं, भांडणंही झाली. आज जे आहे ते असं आहे.

सुकाणू आणि पटिये गाडीबरोबर जातात. बोटीचा सांगाडा काठावर उलटा पडलेला असतो, शीडंही शेडमध्ये, पण सुकाणू आणि पटियाशिवाय ऑप्टिमिस्ट म्हणजे तरंगतं टोपलं, वाऱ्याच्या दिशेनं वाहण्यापलीकडे काही करू शकत नाही, पोरांना ते पक्कं माहीत आहे. तीन सुकाणू, तीन पटिये, पलंगाखालच्या लांब कप्प्यात, चादरीत गुंडाळून. काकूंचा गरम कपड्यांचा कप्पा गेला त्यात. मोठीची किल्ली काढून घेतली नाही, हे मुद्दाम. काका म्हणाले तिनं आंधी ओळखली, किल्ली काढली तर शिक्षा होईल, आणि शिक्षा माझी आहे तिची नाही.

एका कोळ्याला, त्या दिवशी ज्यांनी पोरं काढली त्यातल्याच एकाला, सीझनमध्ये रोजावर ठेवलंय. पोरं पाण्यात असतील तितका वेळ त्याची होडी पाण्यात, जाळं टाकायचं नाही. मजुरी त्याच्या मासळीच्या सरासरी कमाईपेक्षा थोडी जास्त, नाहीतर मासा दिसला की त्याचं लक्ष जाणार, स्वाभाविक आहे. हा खर्च काकांच्या पेन्शनमधला सगळ्यात मोठा खर्च आहे आता, डिझेलपेक्षाही. पोरांची संख्या आठ, जॅकेटं दहा. सहा पोरांना नाही म्हणावं लागलं, त्यातलं एक अजून काठावर येऊन बसतं. संमतीचे कागद हिंदीत केले, अंगठ्यासकट, ग्रुप अपघात विमा मी काढला आणि या वेळी वर्णनात जे खरं आहे तेच लिहिलं. पाण्याची परवानगी लेखी मागितली, ती अजून टेबलावरून टेबलावर फिरते आहे, म्हणून तलावाचं नाव इथं नाही. वाऱ्याची हद्द ठरवली, बारा नॉटच्या वर लहान कुणी नाही, पंधराच्या वर कुणीच नाही, म्हणजे ताशी २२ आणि २८ किलोमीटर, हातातलं छोटं मीटर आहे त्यासाठी. हवा मेली की परत, त्यावर चर्चा नाही.

आणि मे. मे काकांचा, पण काकूंच्या अटींवर. जवळच्या शेतकऱ्याकडून मीटर लावून वीज घेतली, पैसे युनिटाप्रमाणे. एसीचा हट्ट काकूंनीच सोडला, कारण निमाडच्या कोरड्या उन्हात कूलर एसीला भारी पडतो हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं, दारात मोठा कूलर, मागची खिडकी उघडी, दुपारी आत सुसह्य. दुपारी दोन ते चार पोरं गाडीच्या सावलीत बसून काकूंकडे गणित करतात, हे कुणी ठरवलं नव्हतं, कूलरमुळे झालं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत गाडी काकूंची. पाण्यावर तेव्हा हवाच नसते. किन्नौर मात्र राहिलंच, हिवाळ्यात तिथं बर्फ असतं, त्यावर तोडगा निघालेला नाही. काकूंनी वहीत त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवलाय आणि काकांना तो दिसेल असा ठेवलाय.

२०२५ चा सीझन झाला. दोनदा आंधी आली, दोन्ही वेळा पोरं आधीच काठावर होती, एकदा तर उगाच परत आली, आभाळ नुसतं गडगडून गेलं आणि बारक्यांनी तोंडं पाडली. अकरा वर्षांचा तो बिनजॅकेटवाला आता बाराचा, तोच सगळ्यात पुढे असतो. ज्याच्या भुवईला टाके पडले त्यानं सोडलं, परत आला नाही, काका त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन येतात, विषय काढत नाहीत. मोठीला घेऊन जूनमध्ये ते भोपाळला गेले, बड्या तलावावर एका वेळी वीस-पंचवीस शीडं तिनं पहिल्यांदा बघितली, घाटावर तासभर उभी होती म्हणे. परत येताना गाडीत विचारलं, सर, कोच बनने के लिए क्या पढ़ना पड़ता है. त्याचं काय करायचं ते बघतोय आम्ही, बारावी आधी होऊ दे.

या डिसेंबरात ते कच्छला आहेत. काल काकूंचा मेसेज आला. मांडवीला येऊन तीन दिवस झाले, इथं नदीकाठी लाकडी जहाजं बांधतात ती हे सकाळपासून बघत उभे असतात, सुतारांशी दोस्ती झालीय, एकाला पलंगाखालचे पटिये काढून दाखवले, एकाचं टोक घासून गेलंय ते म्हणे इथंच नीट करून घेतो. रण मी कधी बघणार ते तूच विचार त्यांना.